जनरलची बंदुकीशी ओळख

करीमभाईंच्या दुकानात फळीखाली तेलाचा एक रिकामा डबा असायचा. दुरुस्तीला आलेल्या बंदुकीत वापरलेलं काडतूस अडकलेलं असलं की ते काढून या डब्यात टाकायचे. डबा कधी भरायचा ते कळत नसे. पण एखाद्या दिवशी कुणाचा पाय लागला की सगळी काडतुसं घरंगळत दुकानभर. आमच्या मंडळींचे किस्सेही तसेच साठत गेले. कुणी जपून ठेवले नाहीत. आता पाय लागतो आणि बाहेर येतात.

दुकान नारायण पेठेत होतं. तेव्हा शिकारीचं लायसन मिळायचं. रविवारी सकाळी तिथे आम्ही चौघं असायचो. करीमभाई बंदुका दुरुस्त करायचे. शेजारी तात्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. त्यांनी जन्मात बंदूक हातात धरली नाही, पण बोलणं असं, की बंदूक बरी. तिसरे वकीलसाहेब. दुनळी बंदूक त्यांची, शिकार त्यांची, कुत्रीही त्यांची. आणि चौथा मी. वकिलीणबाईंना घरात कुत्रं चालत नसे, म्हणून साहेबांची कुत्री माझ्याकडे धायरीला असायची. मी दोन यत्ता शिकलेला. बोलायची सवय कमी. त्यामुळे बाकीच्यांचं सगळं ऐकून झालं.

लोक या गोष्टी ऐकून हसतात. हसावं. मला सांगताना अजून हसू येत नाही, तो माझा दोष.

*

वकीलसाहेबांनी बंगलोरहून पॉइंटर या शिकारी जातीचं पिल्लू आणलं. पांढरं अंग, त्यावर तपकिरी ठिपके, कान रेशमासारखे. नाव ठेवलं जनरल.

पहिल्याच रविवारी ते त्याला दुकानात घेऊन आले. करीमभाईंच्या हातून हातोडी फरशीवर पडली. जनरल जो उडाला, तो थेट तात्यांच्या दुकानात, बांधणीच्या कागदांच्या गठ्ठ्यामागे!

तात्या चष्म्यावरून बघत म्हणाले, "वकीलसाहेब, युद्ध सुरू व्हायच्या आधीच आपले जनरल रजेवर गेले."

साहेब हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "धोंडिबा, दिवाळीनंतर सीझन. तोवर बंदुकीची सवय झाली पाहिजे."

ते हसले का नाहीत, ते मला माहीत होतं. राणीमुळे.

*

राणी जनरलच्या आधीची कुत्री. फार गुणी. पण साहेबांनी मारलेला पक्षी तोंडात धरला की ती तो चावून टाकायची. दोन सीझन साहेबांनी वाट बघितली. सवय सुटली नाही.

त्या वेळच्या शिकारी लोकांचा एक कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. शिकारी कुत्रं कामाचं निघालं नाही तर ते कुणाला द्यायचं नाही, विकायचं नाही, रस्त्यावर सोडायचं नाही. ज्याचं कुत्रं, त्याने स्वतःच्या बंदुकीने त्याचा शेवट करायचा. दिलेलं कुत्रं दुसऱ्याच्या दारात उपाशी मरतं, असं ते म्हणायचे.

राणीचा खड्डा मी खणला होता. साहेबांनी बंदूक उचलली तेव्हा राणी त्यांच्या पायाशी अगदी शहाण्यासारखी बसली होती. नंतर साहेब जीपमध्ये जाऊन बसले ते अर्धा तास खाली उतरले नाहीत.

रविवारी दुकानात तात्यांनी विचारलं, "राणीसाहेब कशा आहेत?" त्यांना ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणाले, "आता चावत नाही."

*

साहेबांनी इंग्रजी पुस्तकात वाचलं, की पिल्लाला जेवण देताना जवळ थाळी वाजवावी. मोठा आवाज म्हणजे जेवण, असं त्याच्या डोक्यात बसतं.

माझ्या बायकोने, सरूने, भाकरी कुस्करून दूध घातलं आणि पळीने थाळीवर दणका दिला. जनरल धान्याच्या कणगीमागे! दोन दिवस अन्नाला शिवला नाही. सरू रडायला लागली. "पुस्तकवाल्याला म्हनावं, तूच ये आन् जेव."

मग मी थाळी घेऊन घराबाहेर, पार बांधापाशी जाऊन वाजवली. रोज एक पाऊल जवळ. महिनाभराने थाळी त्याच्या कानाशी वाजली तरी तो मान वर न करता जेवायला लागला. मला वाटलं, जिंकलो.

पण आता गावात कुणाच्या हातून तांब्या पडला, की जनरल त्यांच्या दारात हजर! शेपूट हलवत उभा, वाढा म्हणून. एकदा संध्याकाळी देवळात आरती सुरू झाली. झांजा, घंटा, ताशा. मी पळत पोचलो तोवर हा सगळ्यांच्या पायांतून वाट काढून थेट नैवेद्यापुढे बसलेला!

गुरव म्हणाला, "धोंडिबा, देव अजून जेवायचा हाय, त्याला जरा थांबाय सांग!"

*

साहेबांना वाटलं, थाळी झाली, आता बंदूक. मी म्हटलं, "साहेब, अजून थोडं..." एवढंच म्हटलं. मला वाक्य पुरं करायला वेळ लागतो, तोवर लोकांचं ठरून झालेलं असतं.

जीप काढून खडकवासल्याच्या पलीकडच्या माळावर गेलो. साहेबांनी जनरलला शेजारी बसवलं आणि त्याच्या डोक्यावरून दोन्ही नळ्या उडवल्या.

धूर गेला तेव्हा माझ्या हातात नुसता पट्टा होता.

दुपारभर आम्ही त्याला हाका मारत हिंडलो. धरणाच्या काठाने, ओढ्यातून, झुडपांतून. शेवटी हताश होऊन घरी आलो तर सरू दारात उभी. "त्यो कवाच आलाय," ती म्हणाली. कणगीमागे जनरल भिंतीला तोंड लावून थरथरत होता. चारही पंजे सोललेले.

तात्यांना कळल्यावर ते म्हणाले, "धरणाचं पाणीसुद्धा इतक्या लवकर पुण्यात पोचत नाही."

त्या दिवसापासून पुन्हा थाळी वाजवली तरी तो थरथरायचा. महिन्याची मेहनत दोन काडतुसांत गेली.

*

तात्यांनी युक्ती काढली, कानात कापूस घाला. घातला. साहेबांनी बंदूक नुसती खांद्याला लावली, उडवलीही नव्हती, तरी जनरल पळाला. तेव्हा कळलं, की तो आता आवाजालाच नाही, खांद्याला लावलेल्या लांब वस्तूलाही घाबरतो. खांद्यावर कुदळ घेतलेला माणूस दिसला, पळाला. काठी दिसली, पळाला.

पावसाळ्यात एकदा त्याला औषधासाठी पेठेत आणलं होतं. समोरून एक म्हातारे गृहस्थ आले आणि त्यांनी छत्री वर केली. जनरलने पट्टा हिसकला आणि शेजारच्या घरात शिरला. बैठकीतून माजघरात, माजघरातून थेट स्वयंपाकघरात! मी दारात उभा, आत जायची हिंमत होईना.

आतून बाईंचा शांत आवाज आला, "अहो, कुत्रा आपला का?"

"हो, बाई."

"तो आत आला आहे आणि आपण बाहेर उभे आहात. दोघांपैकी रीतभात कुणाला आहे ते कळलं. आता या, आणि घेऊन जा."

मी आत गेलो. तो चुलीशेजारी लाकडांच्या मागे अंग चोरून बसला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. "कशाला हो इतका भितो हा?"

मी म्हटलं, "त्याला शिकारी करायचं आहे."

बाई चुलीकडे वळल्या. पोळीचा तुकडा तेवढा त्याच्यापुढे ठेवला.

*

श्रावणात मी करीमभाईंपुढे हात जोडले. म्हटलं, "हा राणीच्या वाटेने जाणार."

करीमभाईंनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "धोंडिबा, कुत्रा भित्रा नाही. तुम्ही लोक घाईचे."

त्यांनी हलकी काडतुसं भरली. चिमूटभर दारू, छर्रे अजिबात नाहीत. नुसता आवाज, तोही बेताचा. चुकून कुणी शिकारीला नेऊ नये म्हणून प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर त्यांनी निळ्या पेन्सिलीने एक रेघ ओढली. मग दुपारचं दुकान बंद करून, सायकलच्या दांड्याला जुनी बंदूक बांधून ते दिवसाआड धायरीला यायला लागले. पावसात, चिखलात. रोजे होते तेव्हासुद्धा. तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि हा माणूस नारायण पेठेतून सायकल मारत यायचा, कशासाठी, तर कुत्र्याला भाकरी खाताना एक बार ऐकवण्यासाठी!

आधी ते दोन शेतं पलीकडे उभे राहायचे. मी जनरलला भाकरी द्यायचो, ते बार काढायचे. मग दर वेळी थोडं जवळ. अगदी जवळ आल्यावर भाकरी तेच द्यायला लागले. पुढे नमाज असायची, कुत्र्याची लाळ हाताला लागलेली त्यांना चालत नसे. म्हणून ते भाकरी हाताने न भरवता नळीपुढे चार हातांवर जमिनीवर ठेवायचे, मागे सरायचे, बंदूक खांद्याला लावायचे आणि आभाळात बार काढायचे.

जनरल खायचा. कान हलायचे, पण पळायचा नाही. पुढे पुढे तर बंदूक दिसली की उड्या मारत यायचा.

सरू म्हणाली, "करीमभाई, तुमी मानूस न्हाई, देवमानूस."

ते हात धूत होते. म्हणाले, "वहिनी, आधी सीझन जाऊ द्या."

*

मध्ये दिवाळी आली. फटाक्यांनी सगळं केलेलं पाण्यात जाईल म्हणून माझा जीव धास्तावला. मी घोंगडी घेऊन जनरलसह कणगीच्या खोलीत बसलो. दाराला गोधडी लावली. चार दिवस आत.

गल्लीतली पोरं फटाके घेऊन आली तेव्हा सरू दारात आडवी झाली. "लांब वाजवा रं! आत बाळंतीण हाय!"

पोरं गुपचूप गेली. बाळंतिणीच्या घराशी कुणी आवाज करत नाही. गावाने इतका मान दिला, की आमच्या आळीत एक लवंगी वाजली नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारची पारूबाई डिंकाचे लाडू घेऊन आली. "कोन पाव्हनी आलीया बाळंतपनाला? बाळाला बघू दे की."

सरू म्हणाली, "सव्वा महिना दावत न्हाई."

एवढ्यात गोधडी बाजूला करून जनरलने तोंड बाहेर काढलं. लाडवाचा वास! त्याच्या मागे मी, अंगावर घोंगडी, तीन दिवसांची दाढी.

पारूबाईने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "सरू, रूप अगदी बापावर गेलंय!"

लाडू मात्र परत नेले नाहीत. जनरलने तीन खाल्ले.

*

सीझनचा पहिला दिवस. तोच माळ. साहेब, मी आणि जनरल.

गवतात शिरल्यावर थोड्या वेळाने जनरल थांबला. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक समोर. हलेना. समोर गवतात तित्तर होते. असा पवित्रा मी राणीचाही पाहिला नव्हता. साहेबांचे डोळे ओले झाले. हळूच म्हणाले, "धोंडिबा, बघ."

तित्तर उडाले. साहेबांनी बंदूक खांद्याला लावली.

आणि जनरल वळला. उड्या मारत आला आणि नळीपुढे, बरोबर चार हातांवर, साहेबांकडे तोंड करून बसला. भाकरीची वाट बघत.

साहेबांनी नळी कशी वर केली ते त्यांनाच माहीत. बार आभाळात गेला. जनरल जागचा हलला नाही. शेपूट हलवत राहिला.

शिकारी कुत्र्याने बंदुकीच्या मागे किंवा बाजूला राहायचं असतं. हे करीमभाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी आयुष्यभर बंदुका दुरुस्त केल्या, शिकारीला कधी गेले नाहीत. पण मी गेलो होतो. वीस वर्षं साहेबांच्या मागे कुत्री धरून चाललो. मला कळायला हवं होतं. मी फक्त एवढंच बघत होतो, की तो पळत नाही.

साहेब खाली बसले.

"भित्रं कुत्रं एक वेळ परवडलं," ते म्हणाले. "हा आज ना उद्या माझ्याच हातून मरणार. मग चुकून कशाला?"

*

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात होतो. वार रविवार नव्हता, तरी चौघेही होतो.

मी म्हटलं, "साहेब, मला द्या त्याला." वाक्य पुरं झालं, कारण मी ते रस्ताभर म्हणत आलो होतो.

"राणी दिली होती का?"

मी तात्यांकडे पाहिलं.

तात्या म्हणाले, "वकीलसाहेब, फाशीच्या कैद्यालासुद्धा अपील असतं म्हणतात. आपणच सांगता."

"इथे नसतं," साहेब म्हणाले. मग करीमभाईंना म्हणाले, "माझी काडतुसं संपली आहेत. एक द्या. एकच."

करीमभाई आमच्याकडे पाठ करून खणात बराच वेळ काहीतरी शोधत होते. मग कागदात गुंडाळलेलं एक काडतूस त्यांनी साहेबांच्या हातात ठेवलं. साहेबांच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

मी सकाळीच खड्डा खणून आलो होतो. आमच्या शेताच्या टोकाला. आता तिथे सोसायटीच्या गाड्या उभ्या राहतात.

दुपारी साहेब आले. त्यांना बघून जनरलला आनंद झाला, बंदूक बघून त्याहून जास्त. त्याने साहेबांच्या भोवती तीन फेऱ्या मारल्या. सरूने घराचं दार लावून घेतलं.

खड्ड्यापाशी गेल्यावर साहेबांनी खिशातून कागदाची पुडी काढली. बंदुकीत घालण्याआधी काडतूस नीट बघायचं, तळव्यावर तोलायचं, ही त्यांची जुनी सवय. सगळ्या शिकाऱ्यांना ते तसं शिकवायचे. त्यांनी ते पाहिलं. तोललं. खूप वेळ तोललं. मग बंदुकीत घातलं.

जनरल चार हातांवर जाऊन बसला.

साहेब म्हणाले, "धोंडिबा, भाकरी आहे का तुझ्याकडे?"

होती. मी दिली. माझ्या हातून तिचे दोन तुकडे झाले.

"आता घरी जा. मागे बघू नकोस."

मी चालायला लागलो. बांध ओलांडला. विहीर ओलांडली. आमच्या अंगणात पाय ठेवला आणि मागे बार झाला. एकच.

मी ओट्यावर बसलो. सरू दार उघडून बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली.

तेवढ्यात शेताकडून कुणीतरी पळत आलं. पळत आलं आणि अंगणात, थाळीपुढे, नेहमीच्या जागी बसलं. जिभल्या चाटत. बार झाला म्हणजे जेवण!

सरूने थाळी वाजवली नाही. आत गेली आणि होती नव्हती तेवढी भाकरी आणून त्याच्यापुढे ठेवली.

रविवारी मी दुकानात गेलो तेव्हा तिघेही आधीच आले होते. साहेब नेहमीच्या बाकावर होते.

"काम झालं," ते करीमभाईंना म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "खड्डा बुजवलास?"

"बुजवला, साहेब."

"घरी सगळे ठीक?"

"ठीक आहेत."

"जेवतात?"

"जेवतात, साहेब."

साहेबांनी खिशातून रिकामं काडतूस काढलं आणि वाकून फळीखालच्या डब्यात टाकलं. ते डब्याच्या काठाला लागून बाहेर उडालं आणि घरंगळत माझ्या पायाशी आलं. मी उचललं. पुठ्ठ्यावर निळी रेघ होती.

मी ते डब्यात ठेवलं. करीमभाई नळी घासत होते. साहेब रस्त्याकडे बघत होते.

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"करीमभाई," ते म्हणाले, "चहा सांगा."